दुसऱ्या बाटलीत काय आहे?



विषय कळवला तसा कार्यवाहांचा फोन आला. म्हणाले, “सर, दारूबंदीवर बोला ना. उंदरांवर कशाला?” मी म्हटलं, दारूबंदीवर बोलणारे पुष्कळ आहेत, उंदरांची बाजू मांडणारा कुणी नाही. ते हसले आणि त्यांनी पत्रिका छापायला दिली. त्यांचे आभार.

मी औषधशास्त्राचा मास्तर. त्यामुळे आज मी कीर्तन करणार नाही आणि कुणाला शपथही घालणार नाही. दारू कमी करणारी औषधं जगात आहेत. ती बहुतेक उंदरांच्या पिंजऱ्यातून आपल्यापर्यंत आली. त्या पिंजऱ्यानं औषधांखेरीज आणखी एक गोष्ट शिकवली, ती मात्र आपण तिथंच ठेवून आलो. मला बोलायचं आहे ते त्या राहिलेल्या गोष्टीबद्दल. पण तिथं पोचायला थोडी वाट तुडवावी लागेल.

आधी आपल्या दारातलं. कर्जत-खालापुरात दारू दोन वाटांनी येते. एक येते एक्स्प्रेस वेनं, शनिवारी दुपारी, गाडीच्या डिकीतून, फार्महाऊसवर. तिच्यावर कुठली ग्रामसभा भरत नाही. दुसरी येते फुग्यातून, वाडीवर, वीटभट्टीवर. तिच्यावर मात्र आपण सगळे बोलतो. “कातकरी म्हटला की पिणारच,” हे वाक्य या सभागृहात किती जणांनी ऐकलं आहे? आणि किती जणांनी उच्चारलं आहे? हात वर करू नका, मी मोजणार नाही.

हे वाक्य जुनं आहे. १८९२ साली मुंबई सरकारनं ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा केला. कुलाबा म्हणजे आजचा आपला रायगड. घरात मोहाची फुलं साठवली की लोक दारू गाळतात आणि सरकारी अबकारी बुडते, म्हणून फुलांवरच निर्बंध. ही फुलं टंचाईच्या दिवसांत उकडून खाल्ली जात, हे साहेबाला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या हिशेबात महसूल वर होता, पोट खाली होतं. आणि बोलायचं काय? तर आदिवासी व्यसनी आहे! स्वभावाला दोष दिला की कुणाच्याच खिशाला हात लावावा लागत नाही. ही सोय साहेब गेल्यावरही आपण जपली.

तर प्रश्न असा. पिणं हा स्वभाव आहे की आणखी काही? प्रयोगशाळेत हा प्रश्न माणसाला विचारता येत नाही. माणूस लाजतो, खोटं बोलतो, डॉक्टरला खूश करायला “आता कमी केली” म्हणतो. उंदीर यातलं काही करत नाही.

प्रयोग अगदी साधा असतो. पिंजऱ्याला दोन बाटल्या टांगायच्या. एकीत पाणी, दुसरीत पाण्यात मिसळलेला अल्कोहोल. उंदीर निशाचर, म्हणून पिणं रात्री होतं आणि सकाळी बाटल्यांचं वजन करून हिशेब मांडायचा. दुसऱ्या दिवशी बाटल्यांच्या जागा बदलायच्या, कारण काही उंदरांना डाव्या बाजूची सवय असते, काहींना उजव्या, आणि आपण त्याला दारूची आवड समजून बसतो. जागा बदलण्याच्या एवढ्याशा कामावर कितीतरी शोधनिबंधांची इभ्रत टिकून आहे. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, संशोधन म्हणजे निम्मी चिकाटी आणि निम्मं बाटल्या धुणं.

१९४० मध्ये अमेरिकेत रिख्टर यांनी अशी निवड उंदरांपुढे ठेवली. सौम्य अल्कोहोल उंदीर घेत, कडक दिला की तोंड फिरवत. १९५९ मध्ये मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी छोट्या उंदरांच्या वेगवेगळ्या जाती शेजारी ठेवल्या. सी-५७ नावाची काळी जात अल्कोहोलवर तुटून पडे, डीबीए नावाची जात त्याला जवळपास शिवतही नसे. पिंजरा तोच, खाणं तेच, बाटली तीच. फरक रक्ताचा. म्हणजे स्वभावाचा मुद्दा अगदीच खोटा नाही, हे कबूल केलं पाहिजे. पण लक्षात घ्या, हा स्वभाव जमातीचा नव्हे. सख्ख्या बहीणभावांची पिढ्यान्‌पिढ्या लग्नं लावून प्रयोगशाळेत घडवलेल्या जातीचा आहे. माणसांची कुठलीही जमात अशी तयार झालेली नाही. तेव्हा कुणी या उंदरांचा दाखला देऊन वाडीकडे बोट दाखवू नये.

आता फिनलंड. तिथं दारू विकण्याचा मक्ता सरकारी कंपनीकडे, तिचं नाव अल्को. गंमत अशी की याच कंपनीच्या प्रयोगशाळेत दारूवर जगातलं उत्तम संशोधन झालं. तिथं पिणाऱ्या उंदरांचा एक वंश वाढवला आणि न पिणाऱ्यांचा दुसरा. आपल्याकडे उत्पादन शुल्क खात्यानं उंदीर पाळल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्या प्रयोगशाळेत डेव्हिड सिंक्लेअर नावाचे संशोधक होते. त्यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. बरेच दिवस पिणाऱ्या उंदराची बाटली काढून घ्या. काही दिवस, काही आठवडे. मग परत द्या. काय होईल? सवय मोडली असेल? नाही. उंदीर पूर्वी प्यायचा त्याहून जास्त पितो! काही दिवसांनी मग तो मूळ मापावर येतो.

तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला कळलं. गटारीला मनसोक्त, श्रावणात कडकडीत, आणि श्रावण संपला की? श्रावण पाळणाऱ्याबद्दल मला आदरच आहे. महिनाभर न पिता राहता येतं हे त्याला तरी कळतं. पण “महिनाभर सोडली होती, म्हणजे मला व्यसन नाही” हे जे आपण स्वतःला पटवतो, त्याची साक्ष उंदीर देत नाही. निवडणुकीच्या ड्राय डेनंतर दुकानापुढची रांग पाहा. बंद करणं आणि सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथं एक धोक्याची सूचना द्यायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात एकदम बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. घरात कोंडून सोडवू नका. दवाखान्यात न्या.

आता औषधांकडे येतो. पहिलं औषध उंदरांनी दिलंच नाही. ते दिलं डेन्मार्कच्या कारखान्यातल्या माणसांनी. कोपनहेगनला हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे जंतांवर डायसल्फिराम हे रसायन तपासत होते. औषध आधी स्वतः घ्यायचं, ही त्यांची रीत. गोळी घेतली आणि जेवणाबरोबर थोडी दारू प्यायले. चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या. १९४८ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. शरीरात दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते पुढे निकालात निघतं. ही गोळी ती दुसरी पायरी अडवते, विष साचतं, माणूस तळमळतो. म्हणजे हे औषध तलफ कमी करत नाही, ते भीती घालतं.

एसटी स्टँडच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात ती जाहिरात सगळ्यांनी वाचली आहे, ‘दारू सोडवा, पेशंटच्या नकळत’. त्या पुडीत काय असतं ते विकणाराच जाणे. पण एक ठाम सांगतो. डायसल्फिराम कुणाच्याही नकळत भाजीत, चहात घालणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. गोळी पोटात आहे हे माहीत नसलेला माणूस संध्याकाळी नेहमीसारखा पितो, रक्तदाब कोसळतो, आणि बायकोच्या हातून नको ते घडतं. तिची चूक नसते. तिला दुसरं काही कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरं औषध खरं उंदीर-माकडांचं. नाल्ट्रेक्सोन. हे मुळात अफूच्या व्यसनासाठीचं. दारू प्यायल्यावर मेंदू स्वतःची अफू सोडतो, एंडॉर्फिन म्हणतात ती, आणि ती जाऊन बसते त्या जागांना रिसेप्टर म्हणतात. कुलपात आधीच दुसरी चावी घालून ठेवली की खरी चावी शिरत नाही, तसं नाल्ट्रेक्सोन त्या जागा अडवून बसतं. दारू पोटात जाते, पण मौज वर पोचत नाही. १९८० मध्ये ऱ्हीसस माकडांवर हे दिसलं. माकडं कळ दाबून अल्कोहोल घ्यायची, औषध दिल्यावर कळ दाबणं कमी झालं. मग फिलाडेल्फियात व्होल्पिसेली यांनी उंदरांवर वेगळी बाब पाहिली. विजेचा झटका बसतानापेक्षा तो थांबल्यानंतर उंदीर जास्त पितात, आणि नाल्ट्रेक्सोन हे वाढीव पिणं अडवतं. संकट संपल्यावरचं पिणं! दिवसभराचं काम उरकल्यावर, भांडण मिटल्यावर, मयताहून परत आल्यावर माणूस का पितो, याचा एक धागा तिथं सापडतो.

हेच व्होल्पिसेली १९९२ मध्ये माणसांकडे वळले. ७० माजी सैनिक, बारा आठवडे. औषध नसलेली साधी गोळी घेणाऱ्यांपैकी ५४ टक्के पुन्हा बेसुमार प्यायला लागले, नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी २३ टक्के. त्याच वर्षी येल विद्यापीठातूनही असाच निष्कर्ष आला आणि १९९४ मध्ये अमेरिकेनं दारूसाठी या औषधाला मान्यता दिली. पिंजऱ्यापासून दुकानापर्यंत चौदा वर्षं. औषधांच्या जगात ही घाई म्हणायची.

नंतर मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा आकडे उतरले. आजचा हिशेब साधारण असा, की दहाबारा जणांना द्यावं तेव्हा एक जण केवळ औषधामुळे बेसुमार पिण्यापासून वाचतो. कमी वाटतं? रोज घेतल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांपेक्षा हा हिशेब चांगला आहे. पण जादू नाही, हे खरं.

तिसरं अॅकॅम्प्रोसेट. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात उंदरांवर तपासून ते तिथंच आधी बाजारात आलं. आपल्या गटारीच्या उंदराला, म्हणजे बाटली परत मिळाल्यावर जास्त पिणाऱ्याला, हे आवरतं. आधी दारू थांबवलेल्या माणसाला याचा उपयोग जास्त. चौथं बॅक्लोफेन, मूळचं स्नायूंच्या आकडीचं. इटलीत सार्डिनिया बेटावर पिणाऱ्या उंदरांचा वंश आहे, तिथं त्याचा गुण दिसला. ऑलिव्हिए आमेझाँ नावाचे फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ स्वतः दारूत बुडाले होते. त्यांनी असे निबंध वाचले, स्वतःवर मोठे डोस घेतले आणि २००४ मध्ये आपलाच केस-रिपोर्ट छापला. फ्रान्समध्ये मोठा वाद झाला, २०१८ मध्ये तिथं परवानगी मिळाली. तुमच्यापैकी कुणी हा मार्ग घरी करू नये. आमेझाँ डॉक्टर होते आणि तरीही त्यांनी धोकाच पत्करला होता.

आणि ही फक्त परदेशची कथा आहे का? नाही. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात आणि कामठीच्या किशोरीताई भोयर महाविद्यालयात उंदरांवर हेच काम झालं आहे. दारू थांबल्यावर उंदराला जी बेचैनी येते तिच्यात मेंदूतली अॅग्मॅटिनसारखी रसायनं काय करतात, यावर २०१० च्या आसपास त्यांचे निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आले. विदर्भातल्या साध्या महाविद्यालयांनी केलेलं हे काम मराठी वर्तमानपत्रांच्या किती पानांवर आलं? जाऊ द्या.

आतापर्यंत ऐकून वाटेल, उंदीर बोलला आणि माणूस बरा झाला. तसं नाही. सगळ्यात मोठी आशा जिच्यावर होती ती कल्पना आपटली. उंदरांना अल्कोहोलच्या वाफेत आठवडे आठवडे ठेवलं की ते दारूवर अवलंबून होतात आणि मग फार पितात. त्यांच्या मेंदूत सीआरएफ नावाचा ताणाचा संदेश वाढलेला असतो. तो अडवणारं औषध दिलं की पिणं नेहमीच्या पातळीवर येतं. प्रयोग सुरेख, निकाल स्वच्छ, एकामागून एक निबंध. पुढे २०१५-१६ च्या सुमाराला माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल आले. पेक्सासेरफाँट आणि व्हेरुसेरफाँट ही दोन औषधं. तलफ हललीसुद्धा नाही.

का? उत्तरं अनेक आहेत, मला पटतं ते सांगतो. त्या उंदरानं दारू निवडलीच नव्हती. त्याला वाफेत कोंडलं होतं. त्याच्यापुढे दुसरं काही नव्हतं, आणि आपण त्याला व्यसनी म्हणत होतो.

इथून मी मुद्द्यावर येतो. स्वीडनमध्ये लिंशेपिंग विद्यापीठात ऑजिए आणि हायलिग यांच्या गटानं २०१८ मध्ये एक प्रयोग छापला. पद्धत तीच, पण एक बदल. अल्कोहोल प्यायला शिकलेल्या उंदरांना त्याच्याऐवजी गोड पाणी घेण्याची सोय दिली. एका वेळी एकच मिळेल, निवड तुमची. काय झालं? सुमारे ८५ टक्के उंदरांनी दारू सोडून गोड पाणी घेतलं. इतकी वर्षं ज्यांना आपण पिणारे म्हणत आलो, त्यांच्यातले बहुसंख्य दुसरी बाटली मिळताच निघून गेले!

उरले १५ टक्के. ते गोड पाणी सोडून दारूच घेत. त्यासाठी जास्त कष्ट पडले तरी घेत, विजेचा झटका बसला तरी घेत. त्यांच्या मेंदूच्या अमिग्डाला नावाच्या भागात एका वाहक प्रथिनाचं प्रमाण कमी होतं. दारूवर अवलंबून असलेल्या माणसांच्या मेंदूंत मृत्यूनंतर पाहिलं, तर तिथंही तेच कमी. हे १५ टक्के खरे आजारी. यांना कीर्तन, शपथ, मार, अबोला, कशाचा उपयोग नाही. यांना डॉक्टर लागतो, औषध लागतं, आणि पुन्हा पुन्हा लागतं.

मंडळी, दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. थोड्यांना आजार आहे आणि पुष्कळांना दुसरी बाटलीच नाही. आपण नेमकं उलटं करतो. आजाऱ्याला उपदेश करतो आणि ज्याला दुसरी बाटली नाही त्याला आजारी ठरवतो.

दिवाळीनंतर आपल्या वाड्या रिकाम्या होतात. कुटुंबं जोडीनं वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल डोक्यावर असते. पहाटेपासून चिखल मळायचा, साच्यात थापायचा, विटा उलटायच्या, पाठ मोडून घ्यायची. आठवड्याला मिळते ती खर्ची, पुरा पगार नव्हे, जगण्यापुरते पैसे. बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी, बहुधा पुरुषाच्या हातात. आणि बाजाराच्या वाटेवर पहिलं कोण बसलेलं असतं? भाजीवाला नव्हे. त्या माणसाच्या पिंजऱ्यात दुसरी बाटली कुठली आहे? शाळा भट्टीपासून लांब, करमणूक नाही, दुखऱ्या पाठीला गोळी नाही, उचल फिटण्याची आशा नाही. उंदरांच्या प्रयोगात आणखी एक माहिती आहे, ती भट्टीमालकांनी ऐकावी. अल्कोहोल रोज ठेवण्यापेक्षा एक दिवसाआड ठेवला तर उंदीर हळूहळू जास्त पिऊ लागतात. तुटक तुटक मिळणं हेच पिणं वाढवतं. आठवड्यातून एकदाच, थकलेल्या संध्याकाळी हातात पैसा ठेवणं ही व्यवस्था कुणी मुद्दाम आखली नसेल, पण याहून वाईट आखता आली नसती.

फार्महाऊसवाल्यांनाही सोडत नाही. त्यांच्याकडे बाटल्या हव्या तेवढ्या आहेत. त्यांच्यातला १५ टक्क्यांतला माणूस मात्र झाकला जातो, कारण तो चांगल्या ग्लासातून पितो. त्याला सध्या एक नवी आशा दिसते आहे, वजन उतरवणारी सुई, सेमाग्लुटाइड. तीही उंदरांत पिणं कमी करते, सेंट किट्स बेटावरच्या माकडांत तिच्या जातीच्या औषधांनी तेच केलं. २०२५ मध्ये अमेरिकेत ४८ जणांवर नऊ आठवड्यांची छोटी चाचणी झाली, तलफ आणि पिणं काहीसं कमी दिसलं. पण २०२२ मध्ये डेन्मार्कच्या १२७ जणांच्या चाचणीत याच जातीचं दुसरं औषध एकूण गटात फसलं होतं. सीआरएफची गोष्ट मी विसरलेलो नाही. तेव्हा थांबा.

कुणी विचारेल, एवढे मुके जीव मारायचा अधिकार कुणी दिला? रास्त प्रश्न आहे. १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली समिती आहे, तिच्या परवानगीशिवाय पिंजरा हलत नाही. तरीही माझं मत असं, की जे औषध तयार होऊन कपाटात पडून राहतं, त्याच्यासाठी मेलेला उंदीर फुकट मेला.

आणि ही औषधं पडून आहेत! एम्सच्या पुढाकारानं झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलातरी उपचार मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये नाल्ट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. अत्यावश्यक, म्हणजे साध्या सरकारी दवाखान्यात असायला हवीत अशी. नाल्ट्रेक्सोन द्यायचं तर यकृताची तपासणी, अफूवर्गातली औषधं चालू नाहीत ना याची विचारपूस, आणि मग रोज एक गोळी, एवढंच तर काम आहे. वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’नं रस्त्यावरच्या मनोरुग्णांना घरी पोचवून दाखवलं, २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. म्हणजे मेंदूचा आजार हा आजार असतो, हे कर्जतला नव्यानं शिकवायला नको. पुण्याच्या मुक्तांगणनं १९८६ पासून हेच दारूबाबत शिकवलं. फोनवर बोलायचं तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आपल्या बायकांनी आडव्या बाटलीला मतं देऊन कितीतरी गावांतली दुकानं बंद केली. मी त्यांच्या बाजूचा आहे. पहिली बाटली काढायची हिंमत त्यांनी दाखवली. दुसरी टांगणं हे काम मात्र त्यांच्या एकट्यांच्या गळ्यात घालू नका. खर्ची आठवड्यातून दोनदा, सकाळी, नवराबायको दोघांच्या हातात वाटून दिली तर मालकाचं काय जातं? भट्टीवर आठवड्याला एक नर्स आली, पाठीच्या दुखण्याला गोळी मिळाली, मुलांना सांभाळायला जागा मिळाली, तर विटा कमी पडतील का? पुढच्या रांगेत तीनचार भट्टीमालक बसलेले मला दिसताहेत. बाहेर चहा ठेवला आहे. मला आधी त्यांच्याशी बोलायचं आहे, बाकीच्यांचे प्रश्न त्यानंतर घेतो.